स्वच्छ जागा

मंगळवार, ३ मार्च

प्रिय मामी,

तुला पूर्ण नमस्कार, मामाला अर्धा. उरलेला अर्धा तो माझा फोन उचलेल तेव्हा. मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे आणि केसांना तेल लावते आहे, म्हणजे तू विचारणार ते सगळं सांगून झालं.

फोन मामाच्या खिशात आणि मामा पॉलिशच्या स्प्रेच्या घरघराटात, तेव्हा तुझ्याशी बोलायचं तर पत्रच बरं. शिवाय फोन ठेवला की संपतो आणि पत्र दुपारी आडवं पडून पुन्हा वाचता येतं, हे तुझंच म्हणणं.

एक काम आहे तुझ्याकडे. पण आधी माझं काम काय ते पुन्हा एकदा सांगते, कारण शेजारच्या काकूंना तू अजून ‘भाची कचऱ्याच्या खात्यात आहे’ असंच सांगतेस म्हणे. कचऱ्याचं नाही गं. छोटे छोटे उद्योगवाले हवा, पाणी, धूर यांच्यासाठी काही ना काही नवं यंत्र बनवतात. यंत्र चांगलं असतं. पण विकत कोण घेणार? जो तो विचारतो, “आधी कुणी वापरलंय?” आणि कुणीच वापरलेलं नसतं, कारण जो तो हेच विचारत असतो. तिथे आमचं केंद्र मध्ये पडतं. आम्ही चाचणी लावून देतो, समितीची मंजुरी मिळवून देतो, पहिलं गिऱ्हाईक गाठून देतो. थोडक्यात, दुसऱ्याच्या यंत्राचं कौतुक करत दारोदार फिरणं हा माझा धंदा.

सध्या माझ्या गळ्यात एक गृहस्थ आहेत. चष्मा इतका जाड की तू बघताक्षणी ‘ढापण्या’ म्हणशील, म्हणून मीच म्हणून टाकते. ढापण्याने साबणाच्या डबीएवढी एक पेटी बनवली आहे. हवेत पॉलिशमधल्या थिनरची वाफ किती आहे ते ती ओळखते. हवा चांगली असेल तर हिरवा दिवा, जरा वाईट असेल तर पिवळा आणि फार वाईट असेल तर लाल. मोठ्या कारखान्यांकडे अशी यंत्रं असतात, कपाटाएवढी. मामासारख्या पॉलिशवाल्यांकडे फक्त नाक असतं, आणि नाकाला कशाचीही सवय होते.

चाचणी अशी, की एक पेटी मामाच्या वर्कशॉपमध्ये लावायची आणि दुसरी एखाद्या स्वच्छ जागी. पहिली लाल व्हायला हवी, दुसरी हिरवी राहायला हवी. दोघींत फरक दिसला, तर पेटीला खरंखोटं कळतं असं समिती मानते. मामाला कसंबसं पटवलंय. मग ढापण्या म्हणाला, “स्वच्छ जागा कुठली धरू या, ताई?” मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, माझ्या मामीचं स्वयंपाकघर.

तेव्हा येत्या आठवड्यात तो येईल. ओट्याच्या वर खिळा ठोकायला दे त्याला. चहात साखर कमी घाल, त्याची बायको ओरडते.

तुझं दुपारचं डोकं दुखणं कसं आहे? आणि खिडकीतलं नवं रोप जगलं का, की तेही गेलं?

तुझी,
टिटवी


गुरुवार, २ एप्रिल

प्रिय मामी,

तू भिंती घासल्यास म्हणे! मामाने सांगितलं. म्हणाला, “तुझ्या त्या पेटीने माझ्या घरात भांडण लावलं. ती लाल झाल्यापासून ही स्टुलावर चढून छत पुसतेय.” मामी, खाली उतर. पेटी तुझ्या भिंतींना नावं ठेवत नाही, तिला तेलाचे डाग दिसत नाहीत. तुझ्या हातच्या स्वच्छतेवर मी कुणालाही बोलू देणार नाही, मग पेटीची काय मजाल!

पण पंचाईत झाली आहे खरी. वर्कशॉपमधली पेटी लाल, ते ठीकच. पण तुझीही लाल. सकाळी जरा पिवळी होते आणि मामाने भिंतीपलीकडे वर्कशॉपात स्प्रे सुरू केला की पुन्हा लाल. ढापण्याने ती बदलून दुसरी लावली. तीही लाल. आता तो स्वतःवरच चिडलाय. म्हणतो, “भित्री झालीये माझी पेटी. फोडणीच्या वाफेलाही थिनर समजतेय.” परवा केंद्रात माझ्यासमोर बसून त्याने चहा गार केला आणि तसाच उठून गेला. नोकरी सोडून यात पडलेला माणूस आहे. समितीची बैठक महिन्याभरावर आली आहे. दोन्ही पेट्या लालच राहिल्या, तर त्याचं यंत्र नापास. मग पुन्हा रांगेत मागे, आणि तोवर तो टिकायचा नाही.

त्याला ते एक कारण सुचलंय, तेच असणार. तू फोडणी देताना पेटीवर फडकं टाकत जा, एवढाच त्याचा निरोप आहे.

मी त्याला विचारलं होतं, पेटी चुकत नसेल तर? तो हसला. मग मीही हसले.

डोळे दाखवायला तू माझ्याकडे आली होतीस, त्या आठवड्यात तुझं डोकं एकदाही दुखलं नव्हतं, आठवतं? तू म्हणालीस, भाचीच्या घरी काम नसतं म्हणून. तसंच असेल. असो.

मामाचा एक्झॉस्ट पंखा मागच्या अंगणाकडेच आहे ना अजून? सहज विचारलं.

जिवाला लावून घेऊ नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको.

तुझी,
टिटवी


सोमवार, ११ मे

मामी! अगं मामी!

पास! समितीने एकमताने मंजुरी दिली. ढापण्याने चष्मा काढून डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा डोळे.

कशी जादू झाली कुणास ठाऊक. तुझी पेटी एका सोमवारी हिरवी झाली ती हिरवीच राहिली. पेट्यांतल्या नोंदीत मामाची लाल, तुझी हिरवी, रोज, न चुकता. ढापण्या म्हणतो, नव्या पेटीला घरात रुळायला वेळ लागतो. आधीचा लाल हा निव्वळ तिचा घाबरटपणा होता. म्हणून बाजारात जाणाऱ्या पेट्यांना त्याने आधीच धीर दिलाय. आत एक स्क्रू असतो, तो थोडा फिरवला की पेटी लहानसहान गोष्टींना भीत नाही. तुझ्या स्वयंपाकघरात आधी जेवढी वाफ दाखवत होती, तेवढ्याला नवी पेटी हूं की चूं करणार नाही.

फर्निचरवाल्यांच्या संघटनेने आपल्या सगळ्या सभासदांसाठी पेट्या घ्यायचं कबूल केलंय. ज्याला पहिलं गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्याला एकदम शेकड्याने मिळाली. साहेबांनी सर्वांसमोर माझं नाव घेतलं. माझ्या हातून आजवर पुष्कळ चांगली यंत्रं कपाटात जाऊन बसली. हे पहिलंच बाजारात चाललंय, आणि तेही तुझ्या ओट्यावरून.

या रविवारी मी आणि ढापण्या येतोय. तुला नवी पेटी भेट द्यायची आहे त्याला. काही करत बसू नकोस, चहा मीच करीन.

तुझी टिटवी (आज फार किलबिल करणारी)


मंगळवार, १६ जून

प्रिय मामी,

हे पत्र मी रोज लिहायला घेते आणि रोज हवापाण्यावर संपवते. त्यातलं एकही पाठवलं नाही. हे पाठवणार आहे.

त्या रविवारी चहा मी केला. साखर कुठे म्हणून फळीवरचा पत्र्याचा डबा उघडला. आत साखर नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली जुनी पेटी होती, आणि पिशवीतून हिरवा दिवा दिसत होता.

तू मागे येऊन उभी राहिलीस. माझ्या कानाशी म्हणालीस, “तुझ्यासाठीच केलं गं. फडक्याने भागेना. डब्यात ठेवली तर झाली की हिरवी. बाहेर बोलू नकोस, बिचारा खूश आहे.” आणि डोळे मिचकावलेस. लहानपणी मामापासून लपवून मला जत्रेला पैसे द्यायचीस, तेव्हा मिचकावायचीस तसे. मी हसले. बाहेर मामा आणि ढापण्या मोठमोठ्याने बोलत होते. मी कप नेले, त्यांच्यात बसले, नवी पेटी भिंतीवर लावताना टाळ्याही वाजवल्या. नवी पेटी हिरवी होती. त्या वेळी वर्कशॉपमध्ये मामाच्या हाताखालचा पोऱ्या स्प्रे मारत होता.

मामी, तू काही वाईट केलेलं नाहीस. हे आधी वाच, आणि दुपारी पुन्हा वाच. मला मदत करायची म्हणून केलंस. ज्या पत्रात मी तुझ्यासमोर रडगाणं गायले, त्याचंच ते उत्तर होतं. पण जुनी पेटी भित्री नव्हती. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. आपण सगळ्यांनी मिळून तिला खोटी ठरवलं, कारण तुझं स्वयंपाकघर स्वच्छच असणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

मामाचा पंखा वास बाहेर टाकतो, असं आपण म्हणत आलो. बाहेर म्हणजे कुठे? मागच्या अंगणात. आणि तुझी खिडकी अंगणातच उघडते. त्या वासाचं मला कधी काही वाटलं नाही, मला तो घराचाच वास वाटायचा. कुठेही नव्या खुर्चीजवळ गेले की मला तुझी आठवण येते, ती त्यामुळेच.

आमच्या समितीवर एक डॉक्टरीणबाई आहेत. ‘ओळखीतल्या एक बाई’ म्हणून मी त्यांना विचारलं. रोज दुपारी डोकं दुखतं. सुई ओवताना हात कापतो. दूध करपून धूर झाला तरी वास येत नाही. ओळखीच्या वस्तूचं नाव पटकन आठवत नाही. खिडकीतली रोपं जगत नाहीत, हेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “त्या राहतात कुठे?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी तिथून हलवा, मग माझ्याकडे आणा.”

मग मी गप्प बसले नाही. खरंच नाही.

ढापण्याकडे गेले, सगळं सांगितलं. त्याच्याकडे उरलेली एक जुनी पेटी आणि एक नवी त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला थिनरची बाटली उघडली. थोड्या वेळाने जुनी लाल झाली. नवी हिरवीच. तो म्हणाला, “ती घाबरत नव्हती, ताई. मीच तिला घाबरट म्हटलं.” पुढे म्हणाला, “पेट्या दुकानादुकानात लागल्या. परत द्या म्हटलं तर पुन्हा माझं काही कोण घेईल? आणि नाही म्हटलं तर? तुम्ही सांगा, मी काय करू?” मामी, अशा माणसांना काय करायचं ते सांगण्यासाठीच मला पगार मिळतो. मी ‘बघते’ म्हणून उठले.

साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “लेखी द्या, पुढच्या बैठकीत ठेवू.” पुढची बैठक वर्षाच्या शेवटी. मी म्हटलं, “तोपर्यंत लोक त्या हिरव्या दिव्याखाली मुलांना झोपवतील.” ते म्हणाले, “मंजूर झालेलं नामंजूर करायची आपल्याकडे पद्धतच नाही हो. तुम्हाला शंका असेल तर प्रयोगशाळेचं मोठं यंत्र लावून घ्या. फक्त वर्कशॉपच्या मालकाचा अर्ज लागेल.”

मालक म्हणजे आपला मामा. त्याला किती फोन केले, ते तुला माहीत आहे. शेवटी उचलला. म्हणाला, “पेटी हिरवी आहे ना?” म्हटलं, “आहे.” “तुझ्याच ऑफिसने पास केली ना?” म्हटलं, “हो.” “तूच आणलीस ना?” म्हटलं, “हो रे मामा.” “मग झालं तर! सगळा जन्म मी या वासात काढला, मला काय धाड भरलीये? तुझ्या मामीचं डोकं पहिल्यापासून नाजूक आहे. तिच्या मनात भलतंसलतं भरवू नकोस.” आणि अर्जाचं नाव काढलं तर स्प्रे सुरू केला.

म्हणून आता तुझ्याकडेच आले आहे. दोन गोष्टी कर. जुनी पेटी डब्यातून काढ, पिशवी सोड आणि नवीच्या शेजारी लाव. ती लाल होईल. ती लाल असेल तेवढा वेळ खिडकी बंद ठेव आणि पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बस. स्वयंपाक राहू दे. आणि मामा जेव्हा म्हणेल की ‘ही बघ, मंजुरीवाली हिरवी आहे’, तेव्हा लाल पेटीचं ऐक. तिच्यावर कुणाचा शिक्का नाही, पण ती खरी आहे.

दुसरी गोष्ट, माझ्याकडे ये. कायमची म्हणत नाही, महिनाभर. मामाला मी डबा लावून देते.

मला भीती वाटते आहे, मामी. सुई ओवताना तुझा हात बघितला तेव्हापासून वाटते आहे.

वाट बघते.

टिटवी


शुक्रवार, २४ जुलै

प्रिय मामी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर ओळखायला मला वेळ लागला. ओळी खाली उतरत गेल्या आहेत आणि माझ्या नावाच्या जागी तू आधी ‘ती पक्षीण’ लिहून खोडलं आहेस.

तू लिहितेस, जुनी पेटी मी सांगितल्याप्रमाणे बाहेर काढून लावलीस. ती लाल झाली आणि तू पायरीवर जाऊन बसलीस. मामा रागावला, शेजारच्या काकू हसल्या, तरी तू चार दिवस बसलीस. माझ्यासाठी बसलीस. आणि पायरीवर डोकं जरा हलकं वाटलं, असंही लिहिलं आहेस. ती ओळ वाचून माझा जीव भांड्यात पडला होता.

पुढे लिहितेस, “मग तुमच्या केंद्राचा माणूस आला. फार चांगला. चहा प्यायला. म्हणाला, चाचणीच्या जुन्या पेट्या नव्यासारख्या करून द्यायचा नियम आहे, पैसे नाहीत. त्याने पेटी उघडली, आतला स्क्रू फिरवला, पुन्हा लावली. आता तीही हिरवी आहे. तुझी काळजी मिटली. दोन हिरवे दिवे शेजारी शेजारी फार छान दिसतात गं. मामा म्हणाला, आता बस घरात. मी बसले.”

मामी, तो नियम आमचाच आहे. मंजुरीच्या अटींत असतो, दरवेळी असतो. मी स्वतः तो किती जणांना वाचून दाखवला आहे. तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. निघताना मला म्हणाला होता, “तुमच्या मामीकडेच चाललोय, काही निरोप?” मी कामात होते. म्हटलं, “खुशाल आहे म्हणून सांगा.”

ढापण्याने त्याच्या टेबलावरची ती एक जुनी पेटी तशीच ठेवली आहे. मागितली तर म्हणाला, “न्या, पण ती खरी आहे हे कोण मानणार? मी म्हटलं तर मी बुडतो, तुम्ही म्हटलं तर तुमची नोकरी जाते, आणि एवढं करून तुमचे मामा म्हणतील की पेटी बिघडली आहे.” त्याचं एक अक्षर खोटं नव्हतं.

तरी मी ती मागून घेतली. इथे माझ्या खिडकीत आहे. काहीही न फिरवता, काहीही न झाकता हिरवी आहे.

लहानपणी झुरळ दिसलं, सावली हलली, दार वाजलं की मी गल्ली गोळा करायचे, म्हणून तू मला हे नाव दिलंस. सगळे धावत यायचे आणि काही नसायचं. तू मात्र हसत हसत दर वेळी यायचीस. आता माझ्या हातात ना मंजुरी आहे, ना अर्ज, ना नियम. ओरडणं तेवढं उरलं आहे.

उद्या पहिल्या गाडीने निघते. मामा दार उघडणार नाही कदाचित. उघडलं तरी तू ओट्याशी उभी असशील, वरच्या दोन्ही दिव्यांकडे बोट दाखवून म्हणशील, “बघ की, उगाच ओरडतेस.” मी फक्त तुझा हात धरून तुला पायरीपर्यंत आणू शकते. तू आलीस तर.

मी पोहोचेपर्यंत खिडकी बंद ठेव. एवढं एक ऐक.

या वेळी खरंच काहीतरी दिसलेली,
तुझी टिटवी